एमआरआय ‘स्थिर’, मग एमएसमध्ये एवढा थकवा कशाचा?

तुम्ही विचारलंय, नवऱ्याला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते) आहे, एमआरआयमध्ये नवीन काही नाही, तरी तो दुपारपर्यंत गळून जातो. हा थकवा कुठल्या स्कॅनमध्ये दिसेल? कुठल्याच नाही. रिपोर्टवर लिहून मिळेल असा तर नाहीच.

मला एमएस होऊन बारा वर्षं झाली. एकदा माझ्या मोठ्या भावाने दोन वर्षांच्या फिल्म्स खिडकीच्या काचेला लावल्या आणि पेन घेऊन पांढरे डाग, म्हणजे आजाराने मेंदूत केलेल्या जखमांच्या खुणा, मोजले. तेवढेच भरले. “मग तुला झालंय काय?” मी तेव्हा ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी जमिनीवर बसले होते. तीन शर्ट वाळत घातले होते, चौथ्याला हात वर जाईना. दुखत नव्हतं, झोपही येत नव्हती. दादाने उरलेले कपडे पटापट दोरीवर टाकले आणि म्हणाला, “बघ, पाच मिनिटांचं काम!”

तर दादा, डाग मोजून थकवा कळत नाही. डाग किती आणि थकवा किती, याचा मेळ फारसा बसतच नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये (काम करताना मेंदूचे कुठले भाग कामाला लागतात ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) नुसती बोटं हलवायला सांगितली, तरी एमएसवाल्यांच्या मेंदूचा निरोग्यांपेक्षा जास्त भाग कामाला लागलेला दिसतो. मेंदूच्या आतले थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे भाग आणि कपाळामागचा मेंदू यांच्यातल्या जोडण्यांवर संशोधकांचा संशय आहे. माझे तीन शर्ट मेंदूला किती पडले, ते तू खिडकीतून काय मोजणार?

मात्र हे निष्कर्ष गटागटांच्या तुलनेतून आलेत. एकट्या माणसाचा थकवा त्यावरून ठरवता येत नाही, तेव्हा त्या स्कॅनच्या मागे लागू नका. डॉक्टरसुद्धा थकवा प्रश्नावलीनेच मोजतात. एक तर नऊच प्रश्नांची आहे. गोळ्यांचंही फार खरं नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एमएसच्या थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट यांपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. उकाड्यात आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर त्रास वाढतो, म्हणून जड कामं सकाळी उरकलेली बरी.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: सगळं एमएसवर ढकलू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रात्रीची झोप, नैराश्य, चालू औषधं, सगळं डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. माझं थायरॉइड खरंच बिघडलेलं निघालं होतं. गोळी सुरू झाल्यावर थोडा फरक पडला, चौथ्या शर्टापर्यंत पोचण्याइतका.

माझा यंदाचा रिपोर्टही ‘स्थिर’ आलाय. दादाला दाखवलेला नाही.