डेनिम, नीम आणि डोंगरी

प्रश्न असा आहे: ‘डेनिम हा शब्द फ्रान्समधल्या नाइम्स गावावरून आला असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं, की मागाहून जुळवलेली गोष्ट? त्या गावाचं नाव मराठीत कसं लिहायचं? आणि डंगरीचा आपल्या डोंगरीशी खरंच संबंध आहे का?’

आधी नावाचं बघू. नाइम्स नको, नीम्सही नको. नीम. शेवटचा एस बोलत नाहीत. त्याच्या आधीचा ई पॅरिसकडे गिळून टाकतात, पण खुद्द दक्षिणेतली माणसं तो जरासा उच्चारतात, त्यामुळे तिथे ‘नीमं’सारखं काहीतरी कानावर पडतं. कडुनिंबाच्या हिंदी नावाशी याचं काही नातं नाही. रोमन काळात हे गाव नेमाउसुस होतं. ते नाव झिजत गेलं. जुन्या फ्रेंच कागदांत त्याच्या मध्यावर एक एस लिहिलेला सापडतो. पुढे तो गळाला आणि आय या अक्षरावर छोटंसं छप्पर आलं. फ्रेंच शब्दावर असं छप्पर दिसलं की खाली बऱ्याचदा एखादा एस पुरलेला असतो. ‘हॉस्पिटल’चं फ्रेंच रूप ‘ओपिताल’, त्यातही हीच गंमत.

आता डेनिम. रूढ व्युत्पत्ती अशी, की नीममध्ये विणल्या जाणाऱ्या ‘सर्ज द नीम’ या कापडाच्या नावातला ‘सर्ज’ इंग्रजांच्या तोंडून गळाला आणि ‘द नीम’ तेवढं उरलं. माझ्या मते नावापुरती ही व्युत्पत्ती टिकते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हे जोडनाव दिसू लागतं. घोळ आहे तो कापडाचा.

जीन्सची पायपट्टी दुमडून बघा. बाहेरून निळी, आतून पांढुरकी. उभे धागे रंगवलेले, आडवे कोरे. आडवा धागा साधारणपणे तीन उभ्या धाग्यांखालून जातो आणि एकावरून येतो, दर ओळीला एक घर सरकतो. त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. सर्जची वीणही तिरपीच. जुन्या मराठी कथांमधले साहेब लोक सर्जचा कोट घालायचे, तोच हा सर्ज. पण साम्य इथेच संपतं. नीमचं सर्ज लोकरीचं असे, कधी त्यात रेशीम मिसळलेलं; डेनिम म्हणजे सुती कापड. शिवाय इंग्लंडमध्ये त्या नावाने विकलं जाणारं सगळंच कापड नीमहून आलेलं असेल असं मुळीच नाही. पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच राहते, तसं हे.

लोकर आणि रेशीम नीममध्येच का, हे कळायला नकाशा उघडावा लागतो. गाव फ्रान्सच्या दक्षिणेला, गार जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, वस्ती दीड लाखाच्या आसपास. उत्तरेला चुनखडीची खडकाळ, खुरट्या झुडपांची माळरानं. त्यांना तिकडे गारिग म्हणतात. त्यापलीकडे सेव्हेनचे डोंगर. दक्षिणेला द्राक्षमळ्यांचा सपाट मुलूख, मग कामार्गची दलदल आणि समुद्र. डोंगरात मेंढ्या, म्हणून लोकर. उतारावर तुती, म्हणून रेशमाचे किडे. शिवाय इटलीहून स्पेनकडे जाणारा रोमन रस्ता, व्हिया दोमितिया, गावातूनच गेलेला. माल यायला आणि जायला वाट तयार होती.

नव्हती ती नदी. रोन बरीच पूर्वेला राहते. गाव वसलं ते एका टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यामुळे, आणि नेमाउसुस हे त्या झऱ्याच्या देवाचंच नाव. रोमनांची वसाहत वाढली तसा झरा पुरेना, तेव्हा त्यांनी युझेसजवळच्या उगमापासून सुमारे ५० किलोमीटरचा कालवा आणला. दोन टोकांच्या उंचीत फरक अवघा १२-१३ मीटरचा! म्हणजे किलोमीटरमागे सरासरी पाव मीटर उतार, तोही डोंगरांना वळसे घालत. वाटेत गार्दों नदी ओलांडायला बांधलेला तीन मजली पूल, पाँ द्यु गार, अजून उभा आहे. उंची सुमारे ४९ मीटर. बहुतेक लोक नीमला जातात ते हा पूल, गावातलं रोमन प्रेक्षागार आणि मेझाँ कारे नावाचं मंदिर बघायला. या मंदिराला २०२३मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पाण्याची गोष्ट मात्र दुटप्पी आहे. एरवी कोरडे असणारे माळावरचे ओढे मोठा पाऊस झाला की थेट गावात घुसतात. ३ ऑक्टोबर १९८८चा पूर तिथे अजून लोकांच्या बोलण्यात असतो.

थोडं विषयांतर, पण गावाच्या नावाशी जोडलेलं आहे. ऑगस्टसच्या काळात इथे एक नाणं पाडलं जाई. एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर, आणि अक्षरं ‘कोल नेम’, म्हणजे कोलोनिया नेमाउसुस. मगर हे जिंकलेल्या इजिप्तचं चिन्ह. नदी नसलेल्या गावाची खूण मगर! १५३५मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने हेच चित्र गावाला अधिकृत चिन्ह म्हणून दिलं, आणि आज तिथल्या रस्त्यांवर ती मगर पावलोपावली भेटते.

कापडाकडे परत. सोळाव्या शतकात नीम मोठ्या प्रमाणावर प्रॉटेस्टंट झालं आणि मग कॅथलिक राजवटीत त्याची किंमत मोजत राहिलं. सरकारी पदांची दारं बंद झाली की माणसं व्यापाराकडे वळतात. इथे ती मागाकडे आणि पेढीकडे वळली. १६८५मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा हजारो जण जिनिव्हा, हॉलंड, इंग्लंडकडे पळाले. इंग्रजीत ‘सर्ज द नीम’ दिसू लागतं ते याच सुमाराला. दोन्हींचा धागा जोडायचा मोह होतो, पण पुरावा म्हणून मी तो मांडणार नाही. नीमचे माग मात्र थांबले नाहीत. पुढे तिथे रेशमी मोजे झाले, आणि एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकलाही.

जीन्स विकणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसने नीमहून कापड मागवलं, ही गोष्ट सोडून द्या. त्याचं आणि जेकब डेव्हिसचं रिव्हेटच्या, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या, विजारींचं पेटंट २० मे १८७३चं, आणि त्यांचं डेनिम यायचं ते अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यातल्या अमोस्केग गिरणीतून. ‘जीन’ हा शब्द तर तिसऱ्याच गावचा: इटलीतलं जेनोव्हा, फ्रेंचांचं ‘झेन’. आणि मुळात ते कापडही वेगळं. त्यात उभे-आडवे दोन्ही धागे एकाच रंगाचे असत.

राहिली डंगरी. इथे मात्र आपल्याकडे चांगला साक्षीदार आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘डोंगरी कापड’ अशी नोंद आहे. मुंबईतल्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, असा मूळ अर्थ तो देतो, आणि आता कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला हे नाव लावतात असं सांगतो. एकोणिसाव्या शतकात मराठी बोलणाऱ्यांत ऐकलेल्या शब्दाची ही नोंद आहे, म्हणून मला ती नीमच्या गोष्टीपेक्षा भक्कम वाटते. नीमच्या बाबतीत नाव एका जागचं आणि कापड दुसऱ्या जातीचं. डोंगरीत नाव आणि कापड दोन्ही एकाच बाजारातली, दोन्ही सुती. हे जाडंभरडं कापड जहाजांवरून गेलं, खलाशांच्या आणि कामगारांच्या अंगावर चढलं, आणि इंग्रजीत कापडाचं नाव हळूहळू कपड्याचं झालं. आपण लहान मुलांना घालतो ती पट्ट्यांची डंगरी तिथून परत आलेली आहे. ती बऱ्याचदा डेनिमचीच शिवलेली असते.