जेट्टीवरच्या पोरांचा पट

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. "बाई, पोरं येतच नाहीत, आईबापाला काही पडलेलीच नाही." अगं, नोकरीच्या पहिल्या वर्षी मीपण हेच म्हणायचे. मग चौथीतल्या एका पोरीची बोटं बघितली. पेन्सिल धरताना कळवळायची, म्हटलं दाखव बघू हात, तर टोकं पांढरीफटक, चिरलेली, पहाटेपासून आईबरोबर बर्फातली कोळंबी सोलून आलेली, कारण पैसे किलोवर मिळतात. त्या दिवसापासून गैरहजेरीला आळस म्हणणं मी सोडलं.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते आणि घरात पैसा नसतो. ऑगस्टात बोटी सुटल्या की पैसा येतो, पण मग धाकट्याला सांभाळायला मोठी पोरगी घरी.

आता सरकारी बाजू नीट समजून घे, ही डीएडला कोणी शिकवत नाही. शिक्षक किती मिळणार ते संच मान्यतेवर, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्या सरकारी मंजुरीवर, आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे त्या दिवशीच्या विद्यार्थीसंख्येवर. २००९ च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६० पोरांपर्यंत २ शिक्षक, ६१ ला तिसरा, मार्च २०२४ च्या जीआरने तर वाढीव शिक्षकासाठीचा आकडा अजून वर नेला. वर आधार व्हॅलिड नसलेलं पोर वर्गात बसतं पण संच मान्यतेत मोजलं जात नाही. म्हणजे बाहेरून आलेल्या खलाशांची पोरं जिथं जास्त, तिथलाच पट कच्चा, तिथलाच शिक्षक अतिरिक्त, म्हणजे जादाचा ठरतो, उरलेल्या बाईकडे दोन-दोन वर्ग, मग ज्याला परवडतं तो पोराला इंग्लिश मिडियमच्या व्हॅनमध्ये बसवतो, पट अजून खाली. आणि लोक म्हणतात शिक्षक शिकवत नाहीत म्हणून शाळा बुडाली! मला फार राग येतो गं.

जुलैतच घरोघर फिरायचं. बोटी सुटल्यावर जेट्टीवर जा, पण लिलाव संपल्यावर, तेव्हा बायका जरा टेकलेल्या असतात. आधारसाठी आईला एकटीला पाठवू नकोस, तिचा रोज बुडतो, मुख्याध्यापकांना सांगून कॅम्प शाळेतच लावून घे. टीसी नाही, जन्मदाखला नाही म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही, कायद्याने तसं करताच येत नाही. मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन आली तर दोघांना बसव.

शिक्षणसेवकाच्या १६ हजारांत तुझी ओढाताण होते, माहितीय मला. तरी दिवाळीत येशील तेव्हा न येणाऱ्या पोरांची यादी घेऊन ये, एकेक नाव बसून बघू.

तुझ्या बाई