‘मेडे’चा १ मेशी संबंध काय?

जहाजाने ‘मे डे’ पुकारला, अशी बातमी वाचून एकांनी विचारलं आहे की हा शब्द कामगार दिनावरून आला का?

नाही. ‘मेडे’ ही संकटात सापडलेल्या जहाजाने किंवा विमानाने रेडिओवरून दिलेली मदतीची हाक. मे महिन्याशी तिचं काही नातं नाही. हा फ्रेंच शब्द आहे, इंग्रजी कानांनी ऐकलेला.

त्याआधी संकटाची खूण होती एसओएस. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. तारयंत्रावर ती चटकन ओळखू येते, म्हणूनच निवडलेली. ‘सेव्ह अवर सोल्स’ हा अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला. पण रेडिओवर माणसं बोलू लागली आणि अडचण झाली. रेडिओच्या खरखरीमध्ये ‘एस’ हा उच्चार नीट कळेना. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे रेडिओ अधिकारी होते. तिथली बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर ये-जा करत. दोन्हीकडच्या माणसांच्या तोंडी बसेल असा शब्द हवा होता. मॉकफर्ड यांनी ‘मेडे’ सुचवला. फ्रेंचमध्ये ‘व्हने मेदे’ म्हणजे ‘या, मला मदत करा’. त्यातला हा ‘मेदे’. नुसतं ‘मला मदत करा’ म्हणायचं तर फ्रेंच माणूस ‘एदे-म्वा’ म्हणेल, त्यामुळे ‘मेडे’ हे त्या वाक्याचं शेपूट आहे, ‘या’ गळून पडलेलं. १९२७च्या वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत तो जगभरासाठी मान्य झाला आणि जहाजांवरही रुळला.

हाक देताना तो लागोपाठ तीनदा म्हणतात: ‘मेडे, मेडे, मेडे’. मग जहाजाचं नाव, ठिकाण, काय झालं, माणसं किती. कुणी दुसऱ्याच्या मेडेबद्दल नुसतं बोलत असेल, तर ती हाक वाटू नये म्हणून हे तीनदा. जीव धोक्यात नाही पण मदत तातडीने हवी, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणतात. तोही फ्रेंचच, ‘पान’ म्हणजे यंत्रातला बिघाड.

मराठीत काय म्हणावं? मला ‘धावा’ फार जवळचा वाटतो. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, त्यात ‘धाव’ आहेच. फ्रेंच वाक्यातून गळलेलं ‘या’ आपल्या शब्दात शाबूत आहे. मात्र रेडिओवरचा ठरलेला संकेत सांगायचा असेल तेव्हा ‘मेडे’च लिहावं, आणि एकत्र लिहावं. ‘मे डे’ असं तोडलं की वाचणाऱ्याला १ मे आठवणारच.