हावभाव, हातवारे की मुद्रा?

प्रश्न असा आलाय की सतराव्या शतकातल्या डच जॉनर प्रिंट्सवर, म्हणजे शेतकरी, भिकारी, गुत्ते, घरातले प्रसंग असल्या छापचित्रांवर मराठीत लिहायचंय, तर त्यातल्या जेश्चरला 'हावभाव' चालेल का. नको हो! हा शब्द सरसकट कुणालाही चिकटवतात ते ऐकून कान किटलेत. हाव हा नाट्यशास्त्रातला शृंगाराचा शब्द, नायिकेच्या भुवया-डोळ्यांतून दिसणारा. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२च्या एचिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात, उंदीर मारणारा दारात येऊन विष विकतोय आणि घरातला म्हातारा तोंड फिरवून हाताने त्याला लांब सारतोय, त्यात कसला आलाय हाव? आणि हातवारे म्हणजे बोलताना नाचवलेले हात, ते वेगळं.

मी 'मुद्रा' घेईन. मुद्रा म्हणजे आधी शिक्का. 'मुद म्हणजे आनंद, तो देते ती मुद्रा' असं भलेभले पंडित छातीठोक सांगतात, मला ते साफ अमान्य, अर्थ नंतर बसवलाय. शब्द इराणी भाषांकडून आला हेच जास्त पटतं, फारसी मुहर आणि आपली मोहर त्याच कुळातल्या. शिवाजी महाराजांची 'मुद्रा भद्राय राजते' आठवा, तिथे शिक्काच आहे. मग ठसा, मग हाताची ठरलेली ठेवण, मग चेहरा ('मुद्रा गंभीर झाली'), आणि छापणं ते मुद्रण, प्रिंट ते मुद्राचित्र. हात, चेहरा, छाप, तिन्ही एका शब्दात, किती सुंदर आहे हे! १६३०मध्ये रेम्ब्रांटने स्वतःचेच चेहरे तांब्याच्या पत्र्यावर कोरले, तोंड वासलेला, डोळे विस्फारलेला, कपाळाला आठ्या घातलेला, त्यांना दुसरं काय म्हणणार? शिवाय शिक्का उलटा कोरतात तसं एचिंगही उलटं उमटतं, पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा होतो, हे जेश्चरवर लिहिताना ध्यानात ठेवाच.

हां, हार्लेमच्या आड्रियान फान ओस्टाड या चित्रकाराबद्दल लिहिणार असाल तर मात्र मुद्रा अपुरी पडेल. त्याची माणसं इवलीशी, जे काय वाटतंय ते वाकलेल्या पाठीत, पुढे झुकण्यात. तिथे सरळ 'अंगाची ठेवण' लिहा.