पंचवीस पिनांच्या कार्डाला कोण नोकरी देणार?

‘सर, मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या पीसीत पॅरलल पोर्ट कार्ड टाकून लिनक्ससीएनसीवर (मशीन चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) छोटा राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, चालवतोय. मित्र हसतात, प्रिंटरचं पोर्ट शिकून नोकरी कोण देणार म्हणतात. प्रोजेक्ट सोडू का? की लॅपटॉपला यूएसबी-टू-पॅरलल केबल लावू?’
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

मित्रा, केबलचं आधी सांगतो: नको. ती प्रिंटरपुरती असते, मोटरला धाडायच्या पल्सची (विजेच्या ठोक्यांची) वेळ तिला पाळता येत नाही.

मित्रांचंही थोडं खरं आहे. शिरोलीत काय, भोसरीत काय, शॉपमध्ये तुला फानुक नाहीतर सीमेन्सचा कंट्रोलर भेटणार. तरी प्रोजेक्ट सोडू नकोस, कारण या पोर्टात काहीच झाकलेलं नाही. पंचवीस पिनांपैकी बारा आउटपुट, पाच इनपुट. प्रत्येक अक्षाला स्टेप (एक पाऊल पुढे) आणि डायरेक्शन (दिशा), म्हणजे तीन अक्षांत सहा पिना गेल्या. पल्स पीसी स्वतः काढतो. बेस पिरियड, म्हणजे पीसी किती वेळाने पिनांकडे वळतो ते, 25 मायक्रोसेकंद असेल तर सेकंदाला 40,000 फेऱ्या. एका फेरीत पिन वर, पुढच्या फेरीत खाली, म्हणजे साधारण 20,000 स्टेप. मोटरला एका पूर्ण चकरेसाठी 2,000 स्टेप लागत असतील आणि स्क्रूची लीड (एका चकरेत टेबल सरकतं ते अंतर) 5 मिमी असेल, तर टेबल मिनिटाला 3,000 मिमीच्या पुढे पळणार नाही. हे गणित वहीत स्वतः मांड. इंटरव्ह्यूत ‘सीएनसी येतं’ म्हणणारे रांगेने येतात. आपलं मशीन कुठे आणि का अडतं हे सांगणारा क्वचित.

आता तुझं कार्ड. पीसीआय कार्डाचा पत्ता मदरबोर्डवरच्या पोर्टासारखा 378 नसतो, तो लिनक्सच्या एलएसपीसीआय (lspci) कमांडने शोधावा लागतो. काही कार्डं 3.3 व्होल्टच देतात आणि 5 व्होल्टचा मोटर-ड्रायव्हर मग मनमानी करतो, तेव्हा मीटर लावून बघ. इमर्जन्सी स्टॉप नुसत्या इनपुट पिनेवर सोडू नकोस. बटण दाबलं की ड्राइव्हची पॉवर तुटलीच पाहिजे. (यावर मी वाद घालत नाही.)

पुढची पायरी मेसा कंपनीचं एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) कार्ड. तिथे पल्स कार्डच काढतं, पीसी फक्त वेग सांगतो. दोन्हींतला फरक ज्याला कळला त्याला ऑटोमेशन, एम्बेडेड दोन्ही दारं उघडी आहेत. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येही 2024 साली रिअल-टाइम (काम ठरल्या वेळेतच करण्याची सोय) आलंच. मात्र सुट्टीत एखाद्या जॉब-शॉपमध्ये फानुकवर हात बसव, अगदी बिनपगारी का होईना.

आणि लिनक्ससीएनसीच्या लेटन्सी टेस्टमध्ये जास्तीत जास्त जिटर (पीसीची वेळ किती चुकते ते) किती आला, ते पत्रात लिहिलंच नाहीस. टेस्ट तासभर चालू ठेव, वर व्हिडिओ लाव, फाइल कॉपी कर, आणि मग आकडा कळव.