अंगावरचा खाजरा चट्टा नायट्याचा, इसबाचा की सोरायसिसचा, हे कसे ओळखावे?

चट्ट्याच्या रंगापेक्षा त्याची कड नीट पाहावी. नायट्याची कड लालसर, उंचावलेली व खवलेदार असते आणि मधला भाग निवळत जातो, कारण बुरशी बाहेरच्या दिशेने पसरत असते. इसबाची कड अस्पष्ट असते. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आतल्या घडीत असह्य खाज सुटते आणि त्वचा कधी पाझरते, तर कधी जाड होते. सोरायसिस बहुधा कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूस व डोक्यावर दिसतो. त्याचे चंदेरी खवले खरवडल्यास खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटू शकतात. तो स्पर्शाने मुळीच पसरत नाही, तरीही लोक अशा रुग्णांपासून अंतर राखतात, याचे फार वाईट वाटते.

स्टेरॉइडचे मलम मात्र कृपया स्वतःच्या मनाने लावू नये. नायट्यावर ते लावल्यास लाली व खाज तात्पुरती कमी होते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी फोफावते, ओळखीची कड पुसट होते आणि मग निदानच अवघड होऊन बसते.

चट्टा फिकट असून तेथे स्पर्श जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी; तो औषधांनी बरा होतो.

दुर्मीळ आजारांपैकी पेम्फिगसचा उल्लेख आवश्यक वाटतो. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. अनेकदा आधी तोंडात न भरणाऱ्या जखमा होतात, नंतर अंगावर सहज फुटणारे फोड येतात, आणि निदानासाठी बायोप्सी करावी लागते.