सुरक्षा चिप एक, मागणारे अनेक

प्रश्न : रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळील एका शीतगृहासाठी मी लिनक्सवर चालणारी तापमान-नोंदणी यंत्रणा तयार करत आहे. नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करणारा प्रोग्राम आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम एकच टीपीएम २.० चिप (गुप्त की, म्हणजे कूटलेखनाच्या किल्ल्या, सांभाळणारी सुरक्षा चिप) वापरतात. मी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये (चिपशी बोलणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक आदेशाभोवती म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे लॉक, आहे. तरीही काही वेळाने चिप षोडशमान ९०२ हा एरर कोड देते, आणि प्रोग्राम चालू असताना ड्रायव्हर काढल्यास कर्नेल (लिनक्सचा गाभा) कोसळतो. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपला म्यूटेक्स चुकीचा नाही, अपुरा आहे. आदेश पाठवून उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कोणाला मध्ये येऊ न देणे एवढेच त्याचे काम. (येथे स्पिनलॉक, म्हणजे न झोपता सतत फेऱ्या मारत वाट पाहणारे लॉक, चालत नाही, कारण उत्तराची वाट पाहताना ड्रायव्हरला झोपावे लागते.) मात्र आदेश संपला तरी लोड केलेली ‘की’ चिपमध्येच राहते. जेटीला एका वेळी एकच होडी लागावी हा नियम काटेकोर पाळला, पण उतरवलेला माल कोणी उचललाच नाही, तर पुढच्या होडीची जी गत होते तीच आपल्या दुसऱ्या प्रोग्रामची होते. अनेक चिपमध्ये अशा तात्पुरत्या वस्तूंसाठी जेमतेम तीन जागा असतात. त्या भरल्या की ९०२ येतो.

यावरील उपाय कर्नेलमध्ये तयार आहे. २०१७ साली आलेल्या ४.१२ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये रिसोर्स मॅनेजर आहे. मूळ ‘टीपीएम०’ ही डिव्हाइस फाइल एका वेळी एकालाच उघडता येते. ‘टीपीएमआरएम०’ मात्र अनेकांना उघडता येते आणि प्रत्येकाला आपली वेगळी जागा असल्याचा भास मिळतो. आदेश येताच मॅनेजर लॉक घेतो, त्या प्रोग्रामच्या जतन केलेल्या वस्तू चिपमध्ये परत आणतो, आभासी हँडलच्या (वस्तूच्या ओळख-क्रमांकाच्या) जागी खरे हँडल घालतो, आदेश पाठवतो, आणि उत्तर आल्यावर सारे पुन्हा जतन करून चिप मोकळी करतो. मगच लॉक सुटते. या संपूर्ण क्रमात लॉक एकदाही न सोडणे हीच खरी मेख आहे. म्हणून शक्य असेल तर स्वतःचा ड्रायव्हर कर्नेलच्या टीपीएम चौकटीत नोंदवावा आणि त्यातले स्वतःचे लॉकिंग काढून टाकावे. हे सारे नव्याने लिहिण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

कर्नेल कोसळण्याचे कारण निराळे आहे. म्यूटेक्स चिपच्या वापराला शिस्त लावतो, ड्रायव्हरच्या आयुष्याला नाही. फाइल उघडी असताना ड्रायव्हर गेला, तर पुढचा आदेश मोकळ्या झालेल्या स्मृतीतील फंक्शन-पॉइंटरवर (ड्रायव्हरच्या फंक्शनच्या पत्त्यावर) जातो. कर्नेलच्या टीपीएम चौकटीत यासाठी ‘ऑप्स-सेम’ हा वाचक-लेखक सेमाफोर आहे, म्हणजे अनेक वाचकांना एकत्र पण लेखकाला एकट्यालाच आत सोडणारे लॉक. प्रत्येक वापरकर्ता तो वाचक म्हणून धरतो आणि ऑप्स-पॉइंटर (ड्रायव्हरच्या फंक्शनांच्या यादीचा पत्ता) शाबूत आहे का हे पाहूनच पुढे जातो. नोंदणी रद्द करणारा कोड लेखक म्हणून थांबतो, सर्व वाचक बाहेर पडल्यावर पॉइंटर शून्य करतो, आणि नंतर येणाऱ्याला कोसळण्याऐवजी साधी एरर मिळते. आधी सेमाफोर आणि मग म्यूटेक्स हा क्रम सर्वत्र सारखा ठेवावा, नाहीतर डेडलॉक, म्हणजे दोघे एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे अडकणे, ओढवून घ्याल.

रिसोर्स मॅनेजर सर्वच गोष्टी वेगळ्या करत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पीसीआर, म्हणजे यंत्रणेच्या स्थितीची मोजमापे साठवणारी चिपमधील रजिस्टरे, सर्वांची सामाईक राहतात. चुकीच्या पासवर्डची मोजणीही चिपभर एकच असल्याने, आपल्या स्वाक्षरीच्या प्रोग्रामने वारंवार चुकीचा पासवर्ड दिला, तर जोडणीच्या प्रोग्रामची संरक्षित कीदेखील काही काळ बंद पडू शकते.